जुन्या डेस्कटॉपमध्ये मोठी हार्ड डिस्क: अडतं कुठे आणि सोडवायचं कसं

इंदूरच्या जेल रोडवर किंवा आरएनटी मार्गावर कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन "जुन्या पीसीत चार टीबीची डिस्क लावायचीय" म्हटलं, की काउंटरपलीकडून बहुधा एकच उत्तर येतं: "भैया, पुराने बोर्ड में नहीं चलेगी, नया सेट ले लो." यातलं निम्मं खरं आहे. त्या डिस्कवरच विंडोज टाकून पीसी तिच्यावरून सुरू करायचा म्हटलं, तर जुना मदरबोर्ड खरोखर अडवतो. पण आधीची छोटी डिस्क जागेवर ठेवून मोठी फक्त साठवणीसाठी जोडायची असेल, तर २००५-०६ नंतरच्या बहुतेक बोर्डांवर ती मुकाट चालते. बूट कशावरून आणि साठवण कुठे, हे दोन प्रश्न वेगळे केले की निम्मं काम झालं.

एवढा जुना पीसी ठेवायचाच कशाला, असं कोणी विचारेल. राजेंद्रनगरातल्या एका काकांचं उदाहरण घेतो. त्यांच्याकडे कॉलनीच्या गणेशोत्सवात बसवलेल्या नाटकांच्या, गाण्यांच्या मिनीडीव्ही (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या) कॅसेटी आहेत. त्या उतरवून घ्यायला लागतो फायरवायर पोर्ट, म्हणजे कॅमेरा पीसीला जोडायची जुनी पिन, आणि तो आहे त्यांच्या कोअर टू ड्युओवाल्या पीसीतल्या पीसीआय कार्डावर. बोर्ड जी३१ चिपसेटचा, एका काळी आपल्याकडे घरोघरी असायचा तोच. "अरे, हा पीसी काढला तर कॅसेटी लावायच्या कशाला? नव्या डब्याला ती पिनच नाही," असं काकांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. मिनीडीव्हीची एक तासाची कॅसेट साधारण १३ जीबी खाते. शंभर कॅसेटी म्हणजे १.३ टीबी, वर एडिट केलेल्या प्रती वेगळ्या. म्हणून चार टीबीची डिस्क.

आधी स्क्रीनवरचा आकडा वाचा

डिस्क जोडल्यावर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जो आकडा दिसतो, तोच रोगाचं निदान करतो. तो न बघता लोक थेट फॉरमॅट मारत सुटतात, तिथे घोळ होतो.

१ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसली, २ टीबीची १.८१ टीबी, ४ टीबीची ३.६३ टीबी, तर काहीही बिघडलेलं नाही आणि दुकानदाराने फसवलेलंही नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

१२७-१२८ जीबीवर गाडी थांबली, तर तुम्ही २८ बिटांच्या मर्यादेला धडकलात. जुन्या पद्धतीत सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या एका छोट्या कप्प्याचा, पत्ता २८ बिटांत लिहायचे. एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे १३७ जीबीच्या पुढचा पत्ता लिहायलाच जागा नाही. एटीए-६ या डिस्क जोडणीच्या मानकापासून ४८ बिटांचा पत्ता आला आणि हा प्रश्न मिटला. २००२-०३ च्या आधीचा बोर्ड किंवा सर्व्हिस पॅक न टाकलेला मूळ एक्सपी, या दोनच ठिकाणी तो आज भेटतो.

३ टीबीची डिस्क अख्खीच्या अख्खी ७४६ जीबी दिसली, किंवा ४ टीबीची अख्खी १६७८ जीबी, तर ड्रायव्हर किंवा कंट्रोलर (बोर्डावरची डिस्क सांभाळणारी चिप) सेक्टरची संख्या ३२ बिटांत मोजतोय. ३२ बिटांत मावतात २०४८ जीबी; तेवढे भरले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि वरचा उरलेला आकडा तेवढा तुम्हाला दिसतो. ३७२६ मधून २०४८ वजा करून बघा, १६७८ च येतात.

आणि ४ टीबीची डिस्क एकाच पट्टीत दोन तुकड्यांत दिसली, २०४८ जीबी वापरण्याजोगे आणि १६७८ जीबी "अनअलोकेटेड", तर हार्डवेअर निर्दोष आहे. फक्त पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या विभागांची नोंद, जुन्या एमबीआर पद्धतीचं पडलंय. वरच्या आणि या प्रकारात १६७८ हाच आकडा दिसतो म्हणून गल्लत होते. दोन तुकडे दिसत असतील तर हसत पुढे जा, इलाज पाच मिनिटांचा आहे. एकटा १६७८ दिसत असेल तर मात्र फॉरमॅटला हात लावू नका.

काहीच दिसत नसेल, डिस्क फिरल्याचा आवाजही नसेल, तर तो विजेचा मामला आहे, खाली येईल.

मशीन कोणत्या काळातलं आहे

विंडोजमध्ये रनमध्ये जाऊन "एमएसइन्फो३२" चालवलं की बायोसची, म्हणजे पीसी चालू होताच आधी उठणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरची, तारीख मिळते. विंडोज ८ पासून पुढे तिथेच "बायोस मोड" अशी ओळ असते: "लिगसी" (जुना बायोस) की "यूईएफआय" (त्याची नवी पद्धत). ती ओळ लिहून ठेवा. लक्षात घ्या, यूईएफआय असलेल्या बोर्डावरही विंडोज लिगसी पद्धतीने टाकलेलं असू शकतं. आपल्याकडच्या असेम्बल पीसीत ते सर्रास असतं, कारण टाकणाऱ्याने जुनीच पेन ड्राइव्ह वापरलेली असते.

ढोबळ हिशेब असा. पेंटियम ३ आणि पहिले पेंटियम ४, नुसत्या रुंद पट्टीवाल्या आयडीई केबली: १३७ जीबीचा धोका. साटा पोर्ट (आयडीईनंतरची अरुंद केबलीची जोडणी) असलेले पेंटियम ४, कोअर टू ड्युओ, जी३१, जी४१: १३७ चा प्रश्न नाही, मोठी डिस्क साठवणीसाठी चालेल, तिच्यावरून विंडोज बूट होणार नाही. एच६१ पासून पुढे: बहुतेकांत यूईएफआय आहे, सगळंच जमतं.

हे असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. बायोसचं काम फक्त सुरुवातीचं. तो डिस्कचा पहिला तुकडा वाचतो, बूटलोडर (विंडोज किंवा लिनक्स सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) उठवतो आणि बाजूला होतो. विंडोज किंवा लिनक्स एकदा मेमरीत आलं की ते स्वतःच्या ड्रायव्हरने कंट्रोलरशी बोलतं आणि डिस्कला तिची साइज पुन्हा विचारतं. म्हणून बायोसच्या निळ्या पडद्यावर ४ टीबीऐवजी १८०१ जीबी असं काहीतरी विचित्र दिसलं, तरी विंडोज ७ मध्ये पूर्ण ३.६३ टीबी दिसू शकते. काकांच्या पीसीत अगदी हेच झालं. बायोस बघून ते म्हणाले, "बघ, दुकानवाला खरं बोलत होता." मी म्हटलं, "काका, दोन मिनिटं थांबा, विंडोज उठू द्या."

कॅबिनेट उघडल्यावर

स्विच बंद करा, मागची वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, मग पॅनल काढा. धूळ ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा, ओल्या फडक्याने नव्हे.

सगळ्यात आधी बोर्डावरचा सेल बदला, तो गोल चपटा सीआर२०३२. पाच-सात वर्षं झालेल्या पीसीत तो हमखास मेलेला असतो. मेलेल्या सेलचा पीसी वीज गेली की बायोसची सगळी सेटिंग विसरतो, त्यात साटा मोडही आला, आणि मग विंडोज निळा पडदा दाखवून रीस्टार्ट होत राहतं. लोक म्हणतात, नवी डिस्क लावल्यापासून पीसी बिघडला. डिस्कचा त्यात काही संबंध नसतो. छप्पन दुकानवर दोघांनी पोहे-जिलेबी खाण्यापेक्षा हा सेल स्वस्त आहे.

नंतर एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते त्या क्षणी १२ व्होल्टच्या लाइनवर साधारण २ अँपिअर ओढते, म्हणजे २४ वॅट; एकदा फिरली की खप बराच उतरतो. डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलंय याला काही अर्थ नाही. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. दहा-बारा वर्षं वापरलेला लोकल एसएमपीएस असेल, दुसरी डिस्क लावल्यावर कॉपी करताना मध्येच डिस्क गायब होत असेल, किंवा टक-टक असा आवाज येऊन पुन्हा फिरायला लागत असेल, तर डिस्कच्या नावाने बोटं मोडण्याआधी एसएमपीएस बदला. जुन्या पीसीवर मी कुठे पैसे खर्च करायला सांगत असेन तर इथेच.

साटाची पॉवर पिन कमी पडली तर मोलेक्सवरून (जुन्या डिस्कच्या चार पिनांच्या मोठ्या प्लगवरून) साटा करणारी छोटी वायर मिळते. ती घेताना प्लग निरखून बघा. वायरी प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या असतील तर घेऊ नका; आत तारा एकमेकींना टेकून असा प्लग वितळल्याची, पेटल्याची उदाहरणं आहेत. मागचं झाकण निघतं, वायरी एकेक दाबून बसवलेल्या दिसतात, तो प्रकार घ्या.

आता त्या न फिरणाऱ्या डिस्कबद्दल. सर्व्हरमधून निघालेल्या किंवा एक्स्टर्नल डब्यातून काढलेल्या मोठ्या डिस्क स्वस्तात मिळतात. त्यातल्या काहींत साटा पॉवरच्या तिसऱ्या पिनला नवं काम दिलेलं असतं: त्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्कने बंद राहायचं. जुन्या एसएमपीएसमध्ये त्याच पिनेवर ३.३ व्होल्ट कायम असतात. परिणाम, डिस्क ढिम्म. दुकानदार म्हणतो मेली, तुम्ही म्हणता फसलो, आणि डिस्क ठणठणीत. पॉवरच्या वायरींत नारंगी रंगाची वायर असेल तर तीच ३.३ व्होल्टची. मोलेक्सवरून केलेल्या जोडणीत ती येतच नाही, म्हणून वर सांगितलेली चांगली वायर लावली की डिस्क फिरायला लागते. दुसरा उपाय म्हणजे डिस्कच्या पॉवर कनेक्टरच्या पहिल्या तीन पट्ट्यांवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी) चिकटवणं. साधी सेलोटेप नको, उष्णतेने तिचा गोंद सुटतो.

डेटा केबलसाठी वेगळा खर्च नको, पण जुनी, वाकून तडा गेलेली केबल वापरू नका. पेंटियम ४ च्या काळातल्या काही बोर्डांवर, खासकरून व्हीआयएच्या व्हीटी८२३७ चिपवर, पहिल्या पिढीचा दीड गिगाबिटचा साटा आहे आणि नव्या डिस्कशी त्याची बोलणीच जुळत नाहीत. डिस्क फिरते पण बायोसला दिसत नाही. काही डिस्कना मागे दोन-चार बारीक पिना असतात, तिथे जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावून डिस्कला दीड गिगाबिटवर बांधता येतं. कोणत्या पिना ते डिस्कच्या लेबलवर किंवा कंपनीच्या साइटवर बघा. पिना नसतील तर वेगळं कार्ड लावणं हाच मार्ग.

स्क्रू लावताना एक गंमत होईल: खूप मोठ्या क्षमतेच्या काही डिस्कना मधली भोकं जुन्या जागी नसतात. कडेच्या दोन्ही बाजूंना मिळतील तेवढे स्क्रू नीट आवळा, पुरतं. डिस्क लोंबकळत किंवा कॅबिनेटच्या तळाला तशीच ठेवू नका.

बायोसमध्ये काय करायचं

जवळपास काहीच नाही. बूटच्या क्रमात जुनी डिस्क पहिली ठेवा. नवी डिस्क जोडल्यावर काही बोर्ड आपणहून क्रम बदलतात आणि "ऑपरेटिंग सिस्टम नॉट फाउंड" असा ओरडा करतात. साटा मोड आयडीई (जुनी पद्धत) आहे की एएचसीआय (नवी), ते बघा आणि जसं आहे तसं सोडा. आयडीई मोडमध्ये टाकलेलं विंडोज एएचसीआय केल्यावर ०एक्स७बी ची निळी स्क्रीन देतं. रजिस्ट्रीत बदल करून किंवा नव्या विंडोजमध्ये एकदा सेफ मोडने बूट करून ते टाळता येतं, पण साठवणीच्या डिस्कसाठी त्या भानगडीत पडण्यात हाशील नाही. जी३१ सारख्या बोर्डांवरच्या साध्या आयसीएच७ चिपमध्ये तर एएचसीआय नाहीच. शोधत बसू नका.

डिस्क जोडल्यावर बायोसच लटकला, लोगोवरून पुढे सरकेना, तर तीन पायऱ्या. आधी बायोसमध्ये तो पोर्ट "नन" किंवा बंद करून बघा. आयडीईच्या काळातल्या बोर्डांवर बायोसने दुर्लक्ष केलं तरी विंडोज किंवा लिनक्स डिस्क स्वतः शोधून काढतं. जमलं नाही तर बोर्डच्या कंपनीकडून शेवटचा बायोस अपडेट. तो यूपीएसवरच करा. आषाढात दुपारी ढग भरून आले असताना तर मुळीच नको. लिहिताना लाईट गेली तर बोर्ड कायमचा बसतो. तेही नको असेल तर स्वतःचा बायोस असलेलं साटा कार्ड.

डिस्क इनिशियलाइज करताना

नवी डिस्क लावून विंडोज उठलं की डिस्क मॅनेजमेंट उघडा. लगेच एक खिडकी विचारते: एमबीआर की जीपीटी (पार्टिशन टेबलची नवी पद्धत)? जुन्या विंडोजमध्ये बरेचदा एमबीआरवर आधीच टिंब असतं आणि बहुतेक जण न वाचता ओके दाबतात. २०४८ आणि १६७८ असे दोन तुकडे पडतात ते इथेच. २ टीबीपर्यंतची डिस्क असेल तर एमबीआर चालेल. तिचे दोन लाख कोटी बाइट २.१९९ टीबीच्या मर्यादेत बसतात. त्याच्या वर जीपीटी आणि जीपीटीच.

चुकून एमबीआर पडलं असेल आणि डिस्क रिकामी असेल तर डावीकडच्या राखाडी चौकोनावर, जिथे "डिस्क १" असं लिहिलेलं असतं, राइट क्लिक करून "कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क" निवडा. पार्टिशनच्या पट्टीवर क्लिक केलं तर हा पर्याय दिसत नाही, आणि डिस्कवर एखादं पार्टिशन असेल तर तो फिका राहतो. आधी पार्टिशन उडवावं लागतं. उडवण्याआधी साइज पुन्हा वाचा. डिस्क ० ही बहुधा तुमची विंडोजची असते, आणि घाईत नेमकी तीच साफ केल्याच्या कहाण्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याकडे असतात.

विंडोज व्हिस्टा, ७, ८, १० यांपैकी काहीही असो, ३२ बिटचं का असेना, जीपीटीची डिस्क साठवणीसाठी वाचता येते. एनटीएफएस निवडा, क्लस्टरची साइज डिफॉल्ट ठेवा, नाव द्या. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि काकांची एक कॅसेटच १३ जीबीची.

एकटा १६७८ किंवा ७४६ दिसत होता, त्यांच्यासाठी: हा बहुतेक वेळा बोर्डच्या सीडीतून टाकलेल्या जुन्या स्टोरेज ड्रायव्हरचा प्रताप असतो. इंटेलच्या रॅपिड स्टोरेजच्या १०.१ च्या आधीच्या आवृत्त्यांना २ टीबीच्या पुढचं मोजता येत नाही. नवी आवृत्ती टाका, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टचा मूळ ड्रायव्हर लावा. आकडा पूर्ण दिसू लागला की मगच इनिशियलाइज करा.

एक्सपीवाल्यांसाठी

श्रीलिपीतल्या जुन्या फाइली, एखादा स्कॅनर, हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर, अशा कारणांनी एक्सपी अजून कुठे कुठे जिवंत आहे. ३२ बिटचा एक्सपी जीपीटी वाचत नाही, विषय संपला. तिथे २ टीबीची डिस्क घ्या आणि सुखी राहा.

पण तीही नीट लावायला हवी. सर्व्हिस पॅक १ च्या आधीचा एक्सपी १३७ जीबीच्या पुढे लिहायला गेला तर डेटाची नासाडी होते, आणि ती लगेच कळत नाही. सर्व्हिस पॅक ३ असल्याची खात्री केल्याशिवाय डिस्क जोडू नका. दुसरी गोष्ट म्हणजे एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून पाडतो. २०११ च्या आसपासपासूनच्या डिस्क आतून ४०९६ बाइटचे सेक्टर वापरतात, म्हणजे जुने आठ मिळून एक. ६३ ला आठने भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक लिखाण दोन सेक्टरांवर सांडतं आणि डिस्क कासव होते. उपाय सोपा: पार्टिशन विंडोज ७ च्या मशीनवर किंवा लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून पाडून आणा, ते २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतं. एक्सपी ते तसंच वापरतो. डिस्क घेताना "४के नेटिव्ह" (बाहेरही ४०९६ बाइटचेच सेक्टर दाखवणारा) प्रकार मात्र टाळा. तो विंडोज ८ च्या आधी चालत नाही. "५१२ई" (बाहेरून ५१२ बाइटचे दाखवणारी) लिहिलेली घ्या.

मोठ्या डिस्कवरूनच बूट करायचा हट्ट असेल तर

विंडोजला जीपीटीवरून उठायला यूईएफआय लागतोच. जुन्या बायोसच्या बोर्डावर त्याला पळवाट शोधण्यापेक्षा १२० किंवा २४० जीबीची एसएसडी विंडोजसाठी लावा. जुन्या पीसीला त्याने जेवढी तरतरी येते तेवढी दुसऱ्या कशानेच येत नाही, आणि सगळा प्रश्नच मिटतो.

लिनक्स इथे समजूतदार आहे. जीपीटीच्या डिस्कवर सुरुवातीला १ एमबीचं "बायोस बूट" पार्टिशन काढलं की ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) त्यात बसतो आणि जुना बायोसही तो उठवतो. बूटचं पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीलाच ठेवा, बायोसच्या हाताला लागेल तिथे. काही बोर्ड एवढ्यावरही अडून बसतात, कारण त्यांना एमबीआरमध्ये एक पार्टिशन "अॅक्टिव्ह" दिसायला हवं असतं. जीपीटीच्या संरक्षक एमबीआरवर तो झेंडा लावला की निमूट सुरू होतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही आधार संपला, तेव्हा अशा मशीनवर लिनक्सचा विचार करायला हरकत नाही.

नुसतं आयडीई असलेला बोर्ड

आयडीई डिस्क ७५० जीबीच्या पुढे गेल्याच नाहीत, आणि आज ज्या मिळतात त्या भंगारातून निघालेल्या. म्हणून पीसीआय स्लॉटमध्ये साटा कार्ड. पीसीआयची ताकद सगळ्या कार्डांत मिळून सेकंदाला १३३ एमबी, तेव्हा वेगाची फार अपेक्षा नको. पण कार्डाचा स्वतःचा बायोस असल्याने बोर्डची १३७ जीबीची मर्यादा आडवी येत नाही. अशा मशीनवर १ टीबीच्या वर जाण्यात मला अर्थ दिसत नाही. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट असेल तर एएसएम१०६१ चिपचं दोन पोर्टांचं कार्ड घ्या, स्वस्त आहे आणि कुरकुर करत नाही.

भरवसा ठेवण्याआधी

डिस्क दिसली, फॉरमॅट झाली, म्हणून लगेच घरातले फोटो तिकडे हलवू नका. मर्यादेचा दोष रिकाम्या डिस्कवर कळत नाही. मर्यादेची रेघ ओलांडून लिखाण झालं की ते फिरून सुरुवातीच्या फाइलींवर जाऊन पडतं, आणि तोवर मूळ प्रत तुम्ही पुसून बसलेले असता.

म्हणून एच२टेस्टडब्ल्यू हे छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवा. ते अख्खी डिस्क खोट्या डेटाने भरतं आणि तोच परत वाचून जुळवतं. सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला तर ४ टीबी लिहायला अकरा तास आणि वाचायला तेवढेच. यूपीएस लावून रात्रभर सोडा. लिनक्सवर हेच काम एफ३ करतं.

चाचणीच्या आधी आणि नंतर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चार ओळी बघा. ०५, सी५ आणि सी६ (खराब सेक्टरांची मोजणी) या तिन्हींसमोर शून्य हवं. नव्या डिस्कवर तिथे काहीही चढलं तर ती परत करा. सी७ वाढत असेल तर डिस्क नाही, साटा केबल बदला. ही ओळ न वाचता चांगल्या डिस्क परत करणारे पुष्कळ आहेत. जुनी डिस्क नवी म्हणून गळ्यात मारली असेल तर "पॉवर ऑन अवर्स" बरेचदा चुगली करतं.

भरताना वेग अचानक २०-३० एमबीवर उतरला आणि सी७ मात्र स्थिर असेल, तर डिस्क एसएमआर प्रकारची असण्याचा संभव आहे. त्यात ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणून सलग मोठं लिखाण ती पचवत पचवत करते. एकदा भरून ठेवायच्या संग्रहाला चालते. रोज एडिटिंग करायचं असेल तर सीएमआर (ट्रॅक वेगवेगळे ठेवणारी) मागा, आणि मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत ताडून बघा.

मे महिन्यात इंदुरात पारा बरेचदा ४० च्या वर जातो, आणि जुन्या कॅबिनेटमध्ये पुढे पंखा नसतोच. डिस्कचं तापमान ५० च्या खाली ठेवा. बहुतेक डिस्कची कामाची कमाल मर्यादा ६० असते. पुढे १२ सेंटीमीटरचा एक पंखा, डिस्कच्या पिंजऱ्यासमोर, पुरेसा होतो. दोन डिस्क असतील तर मध्ये एक कप्पा मोकळा सोडा.

यूएसबीच्या डब्यात लावली तर

पीसी उघडायचाच नाही म्हणून बरेच जण यूएसबीचा डबा किंवा डॉक घेतात. यूएसबी २ वर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे एक टीबी हलवायला नऊ तासांहून जास्त. ते सोसत असेल तर चालेल. पण काही डबे एक चलाखी करतात: एक्सपीला मोठी डिस्क दिसावी म्हणून ते सेक्टर ४०९६ बाइटचा आहे असं सांगतात, त्यामुळे एमबीआरची मर्यादा आठपट होऊन १६ टीबीवर जाते. डबा चालू आहे तोवर सगळं आलबेल. उद्या डबा बिघडला आणि तीच डिस्क काढून साटावर लावली, की विंडोज म्हणतं ही डिस्क इनिशियलाइज करा. तिथे ओके दाबू नका. डेटा जागेवरच असतो, फक्त पत्ते आठपट वेगळ्या मापात लिहिलेले असतात. त्याच मॉडेलचा दुसरा डबा मिळवा, त्यात डिस्क लावा, डेटा दुसरीकडे उतरवून घ्या, आणि मगच ती साटावर जोडून नव्याने जीपीटी करा.